कोल्हापूर ते खोडद: नारळीकरांच्या वाटेवरचे नऊ दिवस

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांच्यामागे ग्रंथ, संस्था, पुरस्कार सगळं आहे, पण हा माणूस खरा कळतो तो त्याच्या घरांमधून. ती घरं कोल्हापूर, बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे अशी पसरलेली. देशातली चार ठिकाणं नऊ दिवसांत, रेल्वेनं, धावपळ न करता बघून होतात. केंब्रिजचे दोन दिवस वेगळे काढावे लागतात. तेही खाली दिले आहेत, योग्य जागी.

निघायची तारीख २० फेब्रुवारी धरली आहे. त्यामागचं कारण एकच: शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, यावा. त्या दिवशी एरवी बंद असणारी दारं उघडी असतात. काळाच्या क्रमानं जायचं तर बनारस आधी आणि मुंबई नंतर हवी, पण गाड्या तसं जमू देत नाहीत. पुणे मात्र अगदी शेवटीच ठेवावं. बहुतेक लोक आधी ‘आयुका’, म्हणजे नारळीकरांनी पुण्यात उभारलेली खगोलसंस्था, बघतात आणि बाकीचं राहून जातं. उलट केलं तर आयुका बघताना ‘हे कुठून आलं’ ते दिसतं.

पहिला दिवस, २० फेब्रुवारी: कोल्हापूर

जन्म इथला, १९ जुलै १९३८. वडील विष्णू वासुदेव नारळीकर कोल्हापूरचेच, आणि आजोळचे हुजूरबाजारही इथलेच. ‘जन्मस्थान’ म्हणून फलक लावलेली वास्तू शोधत गल्लीबोळ पालथे घालू नयेत. त्यापेक्षा सकाळी अंबाबाईच्या देवळात जावं आणि किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात त्याचा, हिशेब डोळ्यांनी समजून घ्यावा. २० फेब्रुवारीला किरणोत्सव नसतो, तो ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. पण गाभाऱ्यापासून पश्चिमेच्या महाद्वाराकडे सरळ नजर टाकली की रेषा कळते.

या दोन तारखाच का? २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या आधी साधारण ४१-४२ दिवस आणि नंतर तितकेच दिवस, अशा दोन वेळा तो जवळपास त्याच बिंदूवर मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर तो बिंदू नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला येतो. मावळतीची किरणं अगदी आडवी येतात, त्यामुळे वाटेत एखादी इमारत, गच्चीवरची टाकी, नुसती धूळ किंवा क्षितिजावरचा ढग आला तरी किरण देवीच्या गुडघ्यापर्यंत येऊन थांबतात. बातमी मात्र ‘यंदा किरणोत्सव अपूर्ण’ अशी येते, जणू सूर्याचंच काही चुकलं.

दुपारी मिसळ किंवा तांबडा-पांढरा, ज्याचं त्याचं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी, ती सकाळी मुंबईला सीएसएमटीला सोडते.

दुसरा दिवस, २१ फेब्रुवारी: मुंबई

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे, समुद्राला खेटून टाटा मूलभूत संशोधन संस्था. नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून इथे आले आणि १९८९ पर्यंत राहिले. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून नेव्हीनगरची बेस्ट बस घ्यावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहावं. मधला भाग लष्करी आहे. छायाचित्र काढायला मोबाईल बाहेर काढला की पहारेकरी येतो. संस्थेत आगाऊ परवानगीशिवाय प्रवेश नाही. निदान तीन आठवडे आधी लेखी विचारावं, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, आणि २१ तारीख शनिवार-रविवारी येत असेल तर निघायची तारीख एक-दोन दिवस अलीकडे आणावी. आत गेलात तर प्रवेशदालनातलं चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र चुकवू नका.

या संस्थेला नारळीकरांच्या घराचा दुहेरी धागा आहे. मंगला नारळीकर (माहेरच्या राजवाडे) लग्नाआधी इथेच गणितात संशोधन करत होत्या. लग्न, केंब्रिज, तीन मुली, घर, सासू-सासरे हे सगळं झाल्यावर त्यांनी १९८१ मध्ये विश्लेषणात्मक संख्या सिद्धांतात (गणिताची एक शाखा) पीएचडी मिळवली. नवऱ्याच्या गौरवलेखांत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, म्हणून इथे मुद्दाम. पुढे पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणित समितीवर असताना त्यांनी ‘बासष्ट’ऐवजी ‘साठ दोन’ असंही म्हणू द्यावं असं सुचवलं, आणि २०१९ मध्ये अख्खा महाराष्ट्र जोडाक्षरांवरून भांडला. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या.

दुपारनंतर चुनाभट्टी. हार्बर लाइनच्या चुनाभट्टी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. परिषद १९६६ ची. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक ‘नारायण विनायक जगताप’. आद्याक्षरं ना. वि. ज., म्हणजे ज. वि. ना. उलटे. नुसतं नाव बदलून भागलं नसतं, कारण परिषदेतल्या मंडळींना नारळीकरांचं अक्षर ठाऊक होतं. म्हणून अख्खी कथा मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, मग गुपित फुटलं. मराठी विज्ञानकथेतल्या एका मोठ्या पर्वाची पहिली हस्तलिखित प्रत अशी बायकोच्या अक्षरात आहे.

संध्याकाळी परत सीएसएमटी. आता तारखेचा घोळ, आणि तो दरवर्षी कितीतरी जणांचा होतो. वाराणसीची महानगरी एक्सप्रेस रात्री बारा वाजून काही मिनिटांनी सुटते. म्हणजे २१ च्या रात्री बसायचं असेल तर तिकीट २२ तारखेचं हवं. २१ चं काढलं तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, आणि पैसेही परत मिळत नाहीत. आरक्षण करताना ‘जेवण झाल्यावर उजाडणारी तारीख’ टाकायची, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरा दिवस, २२ फेब्रुवारी: गाडीत

पहाटेच्या अंधारात नाशिक रोड जातं. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा लेखक त्या खुर्चीवर पहिल्यांदाच आला, तोही प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकला नाही.

उजाडतं तेव्हा खानदेश. पुढे इटारसी, जबलपूर, सतना, माणिकपूर. डब्यात दिवस काढायचा आहे. दशम्या-चटणी बरोबर असलेली बरी, कारण जबलपूरनंतर जेवणाची खात्री नाही. फेब्रुवारीत मध्य प्रदेशात रात्री थंडी पडते, चादर हाताशी ठेवा.

चौथा दिवस, २३ फेब्रुवारी: बनारस, विद्यापीठ

गाडी वेळेवर असेल तर उजाडायच्या आधीच वाराणसी कँटला पोचते. अंधारात रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा प्रतीक्षालयात तास-दोन तास काढावेत आणि उजाडल्यावर थेट लंका गाठावी. लंका म्हणजे विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरचा चौक. रिक्षावाल्याला ‘बीएचयू’ म्हटलं की पुरतं. फेब्रुवारीत महाशिवरात्र पडत असेल तर शहराच्या मधल्या भागात वाहनबंदी असते, म्हणून मुक्काम लंका-अस्सी भागातच घ्यावा.

बनारस हिंदू विद्यापीठाचा आवार सुमारे १३०० एकरांचा, आखणी अर्धवर्तुळाकार. एका चापावर महाविद्यालयं, दुसऱ्यावर वसतिगृहं, आणखी एकावर प्राध्यापकांचे बंगले. चालत बघू नये, दमाल. सायकलरिक्षा किंवा ई-रिक्षा दोन तासांसाठी ठरवावी. विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर होऊन, खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनसारख्यांच्या हाताखाली शिकून १९३२ मध्ये मालवीयजींच्या बोलावण्यावरून इथे गणित विभागाचे प्रमुख झाले. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. धाकटे भाऊ अनंत पुढे अतिवाहकतेवर (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांवर) काम करणारे शास्त्रज्ञ झाले.

बंगल्यांच्या रस्त्यावर रिक्षा थांबवावी आणि एक दृश्य डोळ्यांपुढे आणावं. घरात मुलांसाठी भिंतीवर काळे फळे लावलेले. मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, शिकायला याच घरी राहिलेले. मामा फळ्यावर एक गणित लिहायचे, वर मथळा: ‘जेव्हीएनसाठी आव्हान’. ते पुसायचं नाही. भाच्यानं सोडवेपर्यंत किंवा ‘हरलो’ म्हणेपर्यंत ते तिथेच राहायचं. शाळेतून आलं की गणित समोर, जेवायला बसलं की समोर. शिकवणं नाही, गुण नाहीत, ओरडणं नाही, नुसतं न पुसलेलं गणित. मुलांना गणित शिकवण्याच्या शंभर युक्त्यांपेक्षा ही एक घरात करून बघण्याजोगी आहे. खर्च एका फळ्याचा. फक्त मोठ्यांना रोज नवं गणित सुचायला हवं, आणि उत्तर न सांगता गप्प बसता यायला हवं. दुसरी अट जास्त अवघड.

दुपारी आवारातलं भारत कला भवन बघावं, सुट्टीचा वार आधी तपासून. परत येताना कामाच्छाला सेंट्रल हिंदू स्कूल, ॲनी बेझंटबाईंनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजचा वारसा. नारळीकर शाळा इथेच शिकले, माध्यम हिंदी. घरी मराठी, शाळेत हिंदी, आईकडून संस्कृत, आणि विज्ञान इंग्रजीत. ‘विज्ञान मातृभाषेत शिकवा’ असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले, ते ऐकीव मत नव्हतं. शाळा चालू आहे आणि हे परीक्षांचे दिवस, त्यामुळे फाटकाबाहेरून बघावी.

पाचवा दिवस, २४ फेब्रुवारी: मानमंदिर घाटावरचं घड्याळ

सकाळी कचोरी-जिलेबी, आणि थंडी टिकली असेल तर मलइयो, दुधाच्या फेसाची मिठाई. मग ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी वस्तीच्या जुन्या गल्ल्या. पण या दिवसाचं मुख्य काम दुपारी बाराचं आहे आणि ते दशाश्वमेधाशेजारच्या मानमंदिर घाटावर. तिथे महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे, अठराव्या शतकातली. तिकीट काढून वर जाता येतं. साडेअकराला तिथे असावं.

सम्राट यंत्र ओळखायला सोपं: तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना चापाच्या आकाराच्या खुणा केलेल्या पट्ट्या. भिंतीचा चढ बनारसच्या अक्षांशाइतका, २५ अंशांहून थोडा जास्त, म्हणजे तिची वरची कड थेट ध्रुवाकडे रोखलेली. सावली पट्टीवर पडते तिथे वेळ वाचायची. आता मनगटावरच्या घड्याळात बरोबर १२ वाजले की यंत्रात ११ वाजून ४८-४९ मिनिटं दिसतात. ‘बिघडलंय’ म्हणून लोक पुढे जातात. यंत्र बरोबर आहे, फरक दोन कारणांनी पडतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, बनारस ८३ अंशांवर, म्हणून स्थानिक वेळ २ मिनिटं पुढे. आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्यानं फेब्रुवारीच्या या दिवसांत सूर्य सरासरी वेळेच्या १३ मिनिटांहून थोडा मागे धावतो. दोन्हींची गोळाबेरीज ११ मिनिटांच्या वर, यंत्र मागे.

दुसरी अडचण सावलीच्या कडेची. ती धारदार नसते, पुसट असते. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, आणि अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं. पूर्ण काळी सावली आणि पूर्ण ऊन यांच्या मधोमध वाचायचं. पट्टीजवळ सुई किंवा पातळ काडी धरून तिची सावली कुठे हरवते ते बघितलं तर अंदाज अर्ध्या मिनिटापर्यंत नेता येतो. यंत्रावर चढू नका, टेकूही नका, रखवालदार लगेच हटकतो. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुण्यात लागतील.

पासपोर्टचे दोन दिवस: केंब्रिज

काळाच्या क्रमात हे इथे. १९५७ मध्ये बीएस्सी होऊन नारळीकर केंब्रिजला गेले. प्रत्यक्षात हे दोन दिवस कुणी वेगळ्या परदेशवारीला जोडून घेईल. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी असेल तर पाऊण-एक तास. स्टेशन गावाबाहेर आहे, मध्यभागी यायला वीसेक मिनिटं चालावं लागतं.

पहिल्या दिवशी ट्रम्पिंग्टन स्ट्रीट. ‘फिट्झविल्यम’ शोधताना हमखास गोंधळ होतो. आजचं फिट्झविल्यम कॉलेज हंटिंग्डन रोडवर, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. नारळीकर होते तेव्हा ते ‘फिट्झविल्यम हाउस’ होतं आणि त्याच नावाच्या संग्रहालयासमोर होतं. तेव्हा संग्रहालय बघायचं आणि रस्ता ओलांडायचा. पुढे सेनेट हाउस. १९५९ मध्ये नारळीकर गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या पदवीपरीक्षेत, पहिले आले. मराठी माणसाला ‘रँग्लर’ शब्द परांजप्यांमुळे माहीत असतो. तो प्रथम वर्गाचा किताब, आणि सगळ्यांत पहिला तो सीनिअर रँग्लर.

त्याच रस्त्यावर किंग्ज कॉलेज, जिथे ते १९६३ ते १९७२ फेलो होते. आत जायला तिकीट आहे, पण सत्र चालू असताना संध्याकाळच्या प्रार्थनेला फुकट बसता येतं. गायन ऐकण्यासारखं असतं, रांग मात्र लवकर लावावी. शेजारी ट्रिनिटीच्या दारापाशी न्यूटनच्या झाडाचा वंशज म्हणून सफरचंदाचं झाड आहे. जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’, भाजून-शिजवून खाण्याची. जमिनीवर पडलेलं फळ चाखायचा मोह आवरावा, आंबट लागतं.

दुसरा दिवस मॅडिंग्ली रोडवर, गावाच्या पश्चिमेला. खगोलशास्त्र संस्थेच्या अंगणात फ्रेड हॉइल यांचा पुतळा आहे. नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी, पीएचडी १९६३. हॉइल यांनी इथे सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था उभारली, तेव्हा १९६६ पासून नारळीकर तिच्या पहिल्या मंडळींत होते. उन्हाळ्यात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ येऊन राहायचे, काम करायचे, परत जायचे. ही पद्धत लक्षात ठेवा, पुण्यात ती पुन्हा भेटते. हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी इथे दुर्बिणीतून आकाश दाखवतात, पण इंग्लंडच्या ढगांवर फार विसंबू नये.

हॉइल-नारळीकर सिद्धांत १९६४ चा. गाभा असा: वस्तूला जड करणारं जे जडत्व, ते तिचं एकटीचं नाही, विश्वातल्या इतर सगळ्या द्रव्यामुळे ते तिला येतं. रॉयल सोसायटीत तो मांडला गेला तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या स्टीफन हॉकिंगनं उठून सांगितलं की विस्तारणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत येते. हॉइल चकित झाले. हॉकिंगची खोली नारळीकरांच्या शेजारी होती आणि समीकरणं त्याला आधीपासून माहीत होती. प्रसंग नेहमी हॉकिंगच्या बाजूनं सांगितला जातो. पण आपली अपुरी आकडेमोड शेजाऱ्याला मोकळेपणानं बघू देणारा नारळीकरही त्यात आहे. पुढच्या वर्षी ते भारतात व्याख्यानं देत फिरले, २६ व्या वर्षी पद्मभूषण. आणि स्थिर विश्वाचा पक्ष, म्हणजे विश्वाला महास्फोटासारखी सुरुवात नाही हे मत, बहुतेकांनी सोडला तरी त्यांनी सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली. पटो न पटो, मुद्दा आकड्यांनी मांडायचा हा हट्ट कायम होता.

सहावा आणि सातवा दिवस, २५ व २६ फेब्रुवारी: परतीचा प्रवास

बनारसहून पुण्याला थेट ज्ञानगंगा एक्सप्रेस आहे, पण आठवड्यातून एकदाच. तिचा वार जुळला तर उत्तम. नाही जुळला तर महानगरीनंच कल्याणपर्यंत यावं आणि तिथून पुण्याची गाडी धरावी. मधे निदान तीन तासांची फट ठेवा. लांबच्या गाडीचा उशीर गृहीत धरलेला बरा. विमानानं एक दिवस वाचतो.

आठवा दिवस, २७ फेब्रुवारी: आयुका

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. १९८८ मध्ये स्थापना, नारळीकर संस्थापक संचालक, २००३ पर्यंत. उद्या, २८ ला, इथेही विज्ञान दिनाची गर्दी असते आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशीही. दोन्ही एका दिवसात करू जाल तर दोन्हीकडे रांगेत उभे राहाल. म्हणून आयुका आदल्या दिवशी, आधी ईमेलनं परवानगी काढून.

वास्तू चार्ल्स कोरियांची. भिंतींकडे नीट बघावं: खाली काळा बेसॉल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा, त्यावर घासून चकचकीत केलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश दिसतं. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं कुंड आणि तिथे गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन आणि आर्यभट यांचे पुतळे. आर्यभट कसे दिसायचे हे कुणालाच माहीत नाही, चेहरा शिल्पकाराचा. सेल्फी मात्र सर्वांत जास्त त्यांच्याबरोबर काढल्या जातात.

लंबक बघायला दोनदा जावं लागतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक झुलत असतो, लोक दोन मिनिटं बघतात, काही होत नाही, निघून जातात. ध्रुवावर लंबकाची दिशा तासाला १५ अंश फिरते. पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर फक्त पावणेपाच अंश, पूर्ण फेरी सुमारे ७५ तासांची. बनारसला हाच लंबक तासाला ६.४ अंश फिरला असता, केंब्रिजला जवळपास १२. म्हणून सकाळी आल्या आल्या झोक्याची दिशा टिपून ठेवायची आणि तीन तासांनी परत यायचं. १४ अंशांचा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

मधल्या वेळात बनारसची चिठ्ठी काढा. आवारात सूर्यघड्याळ आहे. दुपारी १२ ला त्यावर सुमारे ११ वाजून १३ मिनिटं दिसायला हवीत: रेखांशामुळे ३५ मिनिटं, सूर्याच्या मागे पडण्यामुळे साडेबारा. घड्याळावर दुरुस्तीचा तक्ता लावलेला असेल तर आधी तो वाचा, म्हणजे दुरुस्ती दोनदा होणार नाही.

आता बनारस आणि केंब्रिज इथे दिसू लागतात. कामाची जागा, राहण्याची घरं, पाहुण्यांच्या खोल्या एकाच आवारात, चालत पाच मिनिटांवर, हे बीएचयू. विद्यापीठांतले शिक्षक महिनाभर येऊन काम करतात आणि आपापल्या गावी परत जातात, हा हॉइल यांच्या उन्हाळ्यातला पाहुणा, फक्त बारमाही. एखाद्या छोट्या गावातल्या कॉलेजचा प्राध्यापक खगोलशास्त्रात संशोधन करू शकला पाहिजे, हा केंद्राचा मूळ हेतू. अध्यक्षीय भाषणांपेक्षा ही एक व्यवस्था जास्त टिकेल.

शेजारी ‘पुलस्त्य’ इमारतीत मुक्तांगण विज्ञान शोधिका, पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाच्या देणगीतून. पुलस्त्य हा सप्तर्षींतला तारा, आणि नावात ‘पुल’ही. अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, सायकलच्या ट्यूबा, स्ट्रॉ यांची खेळणी इथेच वर्षानुवर्षं केली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान व्हायचं. नारळीकर स्वाक्षरी देत नसत. वही पुढे करणाऱ्या मुलाला सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, पण प्रश्न शोधायला डोकं लागे. बनारसच्या फळ्याचीच ही टपालानं फिरणारी आवृत्ती.

याच विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचा पाया वसंत हुजूरबाजार यांनी घातला, तेही नारळीकरांचे मामा. आणि २००८ मध्ये नारळीकरांनी फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तिची सगळी माहिती याच विभागाच्या ताब्यात ठेवली होती. चाचणीची रचना शिकण्यासारखी आहे. हुशार ठरलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, पत्रिका मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला यदृच्छेनं निवडलेल्या ४० पत्रिका, प्रश्न एकच: मूल कुठल्या गटातलं? २८ उत्तरं बरोबर आली तर दाव्यात काहीतरी तथ्य, असं आधीच जाहीर केलं होतं. निकाल हाती आल्यावर कसोटी ठरवायची नसते, चुकतं ते इथेच. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक २४. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी थोडं बरं. एका संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका घेतल्या, तिचे ५१ टक्के. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे या कामात नारळीकरांबरोबर होते.

आवारातच पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. वातावरणाच्या वरच्या थरांत जीवजंतू आहेत का ते बघायला नारळीकरांच्या चमूनं एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगा सोडला होता, ४५९ किलोचं ओझं आणि ३८ किलो द्रव निऑन घेऊन. निर्जंतुक केलेल्या, आतून निर्वात केलेल्या पोलादी नळ्या २० ते ४१ किलोमीटर उंचीवर एकेक करून उघडल्या. द्रव निऑनच्या थंडीनं हवा आत गोठत जाते, म्हणून विरळ हवाही पुरेशी जमते. नळ्या हवाई छत्रीनं खाली आल्या. तपासणी हैदराबादला आणि इथे, दोन प्रयोगशाळांत वेगवेगळी, म्हणजे एकीकडे जमिनीवरचा जंतू शिरला तरी दुसरीकडे कळावं. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटांचं. ते जिवाणू अंतराळातून आले असं मात्र त्या चमूनं म्हटलं नाही.

नववा दिवस, २८ फेब्रुवारी: गिरवलीचा घाट आणि खोडद

पहाटे पाचला पुणे सोडावं, चाकणची कोंडी सातनंतर सुरू होते. मंचरहून डावीकडे घोडेगाव, पुढे जुन्नरच्या वाटेवर गिरवलीचा घाट. वर आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीण आहे, २००६ पासून. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि पावसाळ्यात ती बंदच असते. घुमट रस्त्यावरून दिसतो, दहा मिनिटं थांबून पुढे निघावं.

जुन्नरवरून नारायणगाव, तिथून खोडद. महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ही गोविंद स्वरूप यांची, नारळीकरांची नव्हे. पण दोघे टाटा संस्थेतले सहकारी, आणि पुण्यात दोघांच्या संस्था शेजारी-शेजारी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मधल्या चौकोनात, बाकी १६ तीन भुजांवर, पसारा २५ किलोमीटर. फाटकाशी फोन बंद करायला सांगतात ते शिस्तीसाठी नाही. दूरच्या आकाशगंगेच्या रेडिओलहरींपुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजवलेला ताशा. विमान-मोड पुरत नाही, पूर्ण बंद करा.

डिशला पत्रा नाही, जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारेची, मध्यभागी १० मिलिमीटरची भोकं, कडेला २० ची. २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरींना ही भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. जवळ उभं राहून जाळीतून आकाश बघा, मग लक्षात येतं.

विज्ञान दिनाला मंडपात जिल्हाभरच्या शाळांची मॉडेलं असतात. दहानंतर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आधी डिश, मग मंडप. मॉडेलाजवळ उभ्या मुलाला पाठ केलेलं बोलू द्यावं, संपलं की एक प्रश्न विचारावा आणि उत्तर न सांगता पुढे जावं. पाणी बरोबर ठेवा, सावली कमी आहे. नारायणगावला परतायला एसटी चारनंतर कमी होतात, आणि स्टँडवर पुण्याच्या गाडीला त्या दिवशी उभं राहूनच जावं लागतं.